पाहुणे घरात, गाडी घोडीवर

अमेरिकेच्या न्यू जर्सीतील शाळांना जूनच्या उत्तरार्धात सुट्टी लागते आणि आपल्याकडील राष्ट्रीय मोटारसायकल शर्यतींचा हंगामही बहुधा त्याच सुमारास सुरू होतो, हा योगायोग इतर कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नाही. पण ज्याच्या घरी शर्यतीची हौस आणि परदेशी स्थायिक झालेली बहीण या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, त्याला तो दरवर्षी मे महिन्यातच अस्वस्थ करू लागतो. माझी गणना अशाच लोकांत होते. पुण्यातील आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे, जिला आई उपहासाने आणि बाकीची मंडळी सवयीने ‘कारखाना’ म्हणतात. त्या कारखान्यात एक जुनी दोन-स्ट्रोक आरएक्स १०० आणि एक १६५ सीसीच्या वर्गातील चार-स्ट्रोक गाडी अशा दोन गाड्यांची मशागत चालू असतानाच धाकटी बहीण, मेहुणे आणि भाचा-भाची न्यू जर्सीहून येऊन पाच-सहा आठवड्यांचा मुक्काम ठोकतात. भाच्यांना मामाचे घर हक्काचे. मामाला हंगाम हक्काचा. आणि या दोन हक्कांचा तंटा कसा मिटवावा, हाच या लेखाचा विषय आहे.

ज्या शर्यतींत सर्वांना एकाच जातीची गाडी कंपनीच पुरवते, त्यांतील स्वारांना या मजकुराचा फारसा उपयोग नाही, कारण त्यांची गाडी सज्ज करणारे मिस्त्री वेगळे असतात. हे लिहिणे आहे ते स्वतःच्या खर्चाने गाडी उतरवणाऱ्या, स्वतःच पाना हाती धरणाऱ्या आणि संध्याकाळी त्याच हातांनी पाहुण्यांना चहा देणाऱ्या खासगी स्पर्धकांसाठी.

प्रथम माझीच एक चूक कबूल करतो, कारण पुढील सर्व सल्ला तिच्यातूनच निघाला आहे. काही वर्षांपूर्वी बहीण येणार त्या दिवशी, अजून दोन तास हाताशी आहेत अशा हिशेबाने, मी पुढच्या ब्रेकचे कॅलिपर बसवायला घेतले. एक बोल्ट टॉर्क पान्याने घट्ट केला, दुसरा बोटांनी फिरवून ठेवला, आणि तेवढ्यात विमान वेळेआधी उतरल्याचा फोन आला. हात पुसून मी निघालो तो चार दिवसांनीच कारखान्यात परतलो, आणि तोवर ते काम ‘झालेले’ म्हणून माझ्या मनात रुजू झाले होते. पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी तांत्रिक तपासणीत तपासनिसाला त्या बोल्टाला सुरक्षा-तार दिसली नाही. त्याने सहज बोट लावले आणि बोल्ट फिरला. तो एक शब्दही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. गाडीवर मंजुरीचे स्टिकर लागायला नंतर तासभर लागला, परंतु ती नजर अजून उतरलेली नाही.

या प्रसंगाचा दोष मी बरेच दिवस मनातल्या मनात पाहुण्यांवर टाकीत होतो. विचारान्ती ध्यानात आले की दोष पाहुण्यांचा नव्हे, अर्धवट लक्षाचा होता. आणि ज्याला पाहुण्यांच्या मुक्कामात गाडी सिद्ध करायची आहे, त्याने आपली कामे महत्त्वाप्रमाणे किंवा खर्चाप्रमाणे न लावता, त्यांना लागणाऱ्या लक्षाच्या जातीप्रमाणे लावली पाहिजेत. अशा वाटणीत तीन खाती पडतात: एकट्याने, दार लोटून करावयाची कामे, दोघातिघांचे हात असल्याखेरीज नीट होतच नाहीत अशी कामे, आणि केव्हाही अर्धवट टाकून उठले तरी ज्यांत अपाय नाही अशी कामे. पहिले खाते पाहुणे येण्यापूर्वी बंद झाले पाहिजे, दुसरे मुद्दाम त्यांच्यासाठी राखून ठेवले पाहिजे, आणि तिसरे रोजच्या उरल्यासुरल्या वेळावर सोडून दिले पाहिजे.

पहिल्या खात्यात इंजिन येते. दोन-स्ट्रोक गाडीचे हेड आणि सिलिंडर उतरवून पिस्टनवरील ओरखडे पाहणे, रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या टोकांतील फट फिलर गेजने मोजणे, क्रँकचे सील बदलणे, चार-स्ट्रोकमध्ये टॅपेटची फट थंड इंजिनावर तपासणे, क्लच प्लेटांची जाडी मोजणे: ही सारी कामे मोजमापाची आहेत, आणि मोजमाप करणाऱ्याला मध्येच कोणी “दादा, साखर कुठे ठेवलीयस?” म्हणून विचारले की शतांश मिलिमीटर आणि साखर यांची जी सरमिसळ होते ती इंजिनाला मानवत नाही. सिलिंडर बोर करायचा असेल तर लेथवाल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यातच टाकावा, कारण पाऊस तोंडावर आला की सगळ्या शहराच्या गाड्या त्याच्या दारात उभ्या राहतात. नवे पिस्टन आणि रिंगा बसवल्यावर इंजिन हळूहळू रुळवावे लागते, आणि तेही कोरड्या, खासगी मैदानावर. दिवे, आरसे आणि नंबरपाटी उतरवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील मूळ रचनेच्या फेरफारांना आळा घालते, ही गोष्ट उत्साहाच्या भरात विसरू नये. पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची सुरुवात होते. म्हणजे रुळवण्याची मुदत आपोआपच मेअखेरची ठरते.

कार्बोरेटरचा जेट हा विषय थोडा विस्ताराने सांगतो, कारण महाराष्ट्राच्या पठारावरून दक्षिणेत जाणारे नवशिके येथेच फसतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तर श्रीपेरुंबुदूरजवळचे इरुंगट्टुकोट्टईचे वळणांचे मैदान (मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचे, एका फेरीला ३.७१७ किलोमीटर लांबीचे) जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे. पुण्याची हवा तेथील हवेपेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते. म्हणून येथे अचूक जुळवलेल्या कार्बोरेटरमधून तेथे जवळजवळ तेवढेच पेट्रोल जाते, पण हवा अधिक येते, आणि मिश्रण कोरडे पडते. कोरड्या मिश्रणाने इंजिन तापते. दोन-स्ट्रोकमध्ये तर वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यास पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि अखेर लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना, पिस्टन जाम होतो. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याच्या पूर्ण ज्वलनाला शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा पुरते, म्हणजे त्याच हवेला इंधन अधिक लागते, आणि त्यामुळे जुन्या नंबरचा जेट आणखीच अपुरा पडतो. उलट तेथील प्रखर उष्म्याने हवा पुन्हा थोडी विरळ होते, म्हणून आधी नंबर ठरवून जाणे व्यर्थ आहे. सध्याच्या जेटच्या वरचे तीन-चार आणि खालचे दोन नंबर डबीत घेऊन जावे, पहिल्या सरावात मोठ्या जेटने सुरुवात करावी, आणि पूर्ण वेगात इंजिन बंद करून प्लग काढून पाहावा: भाजलेल्या कॉफीसारखा तपकिरी रंग आला तर ठीक, पांढुरका आला तर धोक्याची सूचना. कोईमतूरचे कारी मोटर स्पीडवे उंचीने पुण्याच्या बरेच जवळ आहे. तेथे हा फरक थोडा पडतो. ही जेटांची डबी आणि कोणता नंबर कोठे चालला याची वही पाहुणे येण्याआधी तयार असावी.

कागदपत्रेही याच खात्यात. मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा, स्पर्धा-परवाना, डॉक्टरांचा वैद्यकीय दाखला, प्रवेशअर्जाची आणि शुल्काची मुदत यांचे दप्तर एका जागी लावून ठेवावे. पाहुण्यांच्या धामधुमीत गाडी सहसा राहत नाही, राहतो तो अर्ज. आणि मुदत टळलेल्या अर्जाला कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही.

परदेशातून येणाऱ्या माणसाकडून सुटे भाग मागवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. माझे म्हणणे असे की मागवा, पण बहिणीला हमाल करू नका. यादी निदान चार आठवडे आधी द्या, आणि तीत वस्तूच्या नावाऐवजी भागाचा क्रमांक लिहा. ‘पुढच्या ब्रेकचे पॅड’ एवढे लिहिल्यास येणारे पॅड कोणत्यातरी दुसऱ्याच गाडीचे असतात. बेअरिंगे, पॅड, सुरक्षा-तार, टॉर्क पाना हे जिन्नस पेटीत निर्धास्त जातात. ब्रेक क्लीनरची फवारणी, इंधनातील मिश्रके, पेट्रोलचा वास उरलेला जुना कार्बोरेटर हे ज्वालाग्राही म्हणून विमानात चालत नाहीत, आणि त्यासाठी विमानतळावर बहिणीला कैफियत द्यावी लागली तर ती वर्षभर ऐकून घ्यावी लागते. हेल्मेट मागवलेच तर ते आपल्या डोक्याच्या मापाचे, ईसीई २२.०६ सारख्या मान्य मानकाचे असावे, आणि सामानात न टाकता हातात आणले जावे, कारण पेट्यांच्या आदळआपटीत आतल्या थराला बसलेला मार बाहेरून दिसत नाही. आणलेल्या वस्तूंचा हिशेब पहिल्याच आठवड्यात चुकता करावा.

आता पाहुणे येतात. न्यू जर्सीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असते. त्यामुळे पहिले चार-पाच दिवस मंडळी पहाटे तीनला टक्क जागी आणि दुपारी दोनला गाढ झोपेत असतात. गृहिणीला हा त्रास वाटतो. मला ती दुपार देणगी वाटते. पहिल्या खात्यातील एखादे काम हरप्रयत्न करूनही शिल्लक राहिलेच असेल, तर दोन ते पाच ही वेळ त्याला द्यावी. पहाटे जागे झालेल्या भाच्यांना कारखान्यात यायला बंदी नसावी, मात्र इंजिन सुरू करू नये. शेजाऱ्यांचे सौजन्य हंगामभर पुरवायचे असते. त्या वेळेला तिसऱ्या खात्यातील कामे काढावीत: रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने चेन धुणे, फेअरिंग पुसणे, शर्यतीचे क्रमांक चिकटवणे, हत्यारांना तेलाचा हात देणे, पावसाळ्याच्या दमटपणात चामडी सूटवर आलेली बुरशी ओल्या फडक्याने टिपून तो सावलीत वाळवणे. ही कामे कोणत्याही क्षणी टाकून नाश्त्याला जाता येते.

दुसरे खाते हे या लेखाचे सार आहे. एकट्या स्पर्धकाच्या तयारीत काही उणिवा कायमच्या राहून जातात, त्याचे कारण आळस नसून हात कमी पडणे हे असते. स्प्रिंगांचा झोल मोजणे हे त्यातले पहिले. स्वाराने पूर्ण पोशाखात गाडीवर शर्यतीच्या पवित्र्यात बसावे, एकाने गाडी उभी धरावी, एकाने मागच्या चाकाच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. मग चाक अधांतरी असतानाचे अंतर घेऊन दोन्हींची वजाबाकी करावी. शर्यतीच्या गाडीत ही वजाबाकी साधारणतः पुढे ३० ते ३५ आणि मागे २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास आणतात. एकट्या माणसाला स्वतः गाडीवर बसून स्वतःच माप घेता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षे मी ते अंदाजाने ठरवीत असे, आणि वळणात गाडी रुंद का जाते याचा दोष टायरला देत असे. एका दुपारी मेहुण्यांनी गाडी धरली, भाचीने टेप वाचला, आणि मागचा झोल ४४ मिलिमीटर निघाला. स्प्रिंगची चकती काही आटे फिरवल्यावर तोच टायर सुधारला.

दुसरे, ब्रेकमधील हवा काढणे. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, आणि पुण्याच्या जुलैत तर उघडा डबा आठवडाभरात संशयास्पद होतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्या त्याच तेलासाठी मानकाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब सरळ रस्त्याच्या टोकाला वारंवार ब्रेक तापले की ओलसर तेलाची वाफ होते आणि लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकतो. म्हणून हंगामापूर्वी नवे सीलबंद तेल घालावेच. एकाने लिव्हर दाबून धरायचा आणि “दाबला” म्हणायचे, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा बंद करायचे आणि “सोड” म्हणायचे; बंद झाल्याचा शब्द आल्याशिवाय लिव्हर सोडायचा नाही, हा एकच नियम. बाराएक वर्षांच्या मुलाला हे काम उत्तम जमते, कारण तो नियम मोडण्याइतका अनुभवी झालेला नसतो. तेल रंगावर सांडल्यास ताबडतोब पाण्याने धुवावे.

तिसरे आणि सर्वांत मोलाचे काम म्हणजे खातरजमा. प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क पान्याने घट्ट केल्यावर मी त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतो; बोल्ट सैल पडला तर रेघ मोडते. पण ज्याने रेघ ओढली त्यालाच ती सर्वत्र दिसते, नसलेल्या ठिकाणीसुद्धा. म्हणून मी सर्व बोल्टांची यादी छापून भाचीच्या हातात देतो: कॅलिपरचे बोल्ट, दोन्ही आस, तेल सोडण्याचा बोल्ट, तेल भरण्याचे झाकण, इंजिनाचे माउंटिंग, मागचा स्प्रॉकेट. तिने प्रत्येक ठिकाणी रेघ आणि जेथे नियमाप्रमाणे हवी तेथे सुरक्षा-तार स्वतः पाहूनच बरोबरची खूण करायची, माझ्या तोंडच्या शब्दावर करायची नाही, अशी ताकीद असते. लिव्हरच्या टोकाचा गोळा किमान १६ मिलिमीटर व्यासाचा आहे का, अॅक्सिलरेटर सोडताच परत येतो का, इंजिन बंद करण्याचे बटण चालते का, हेही तीच पाहते. पाण्याने थंड होणारी गाडी असेल तर रेडिएटरमध्ये नुसते पाणी आहे, ग्लायकोलचे शीतक नाही, हेही यादीत असावे. कारण ते शीतक धावपट्टीवर सांडल्यास निसरडे होते आणि मागून येणाऱ्यांना पाडते. ही यादी राबवली त्या पहिल्याच वर्षी तीत दोन ठिकाणी खूण झाली नाही, आणि दोन्ही ठिकाणी चूक माझी होती.

मुले कारखान्यात येणार असतील तर बंदोबस्त कडक हवा. घोडीवर उभ्या केलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनवर फडके धरण्याची जी वाईट सवय आपल्याकडील कित्येकांना आहे, तिने बोटे गेल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात सांगितली जातात. चेन नेहमी चाक हाताने फिरवूनच पुसावी. दार-खिडक्या बंद असलेल्या शेडमध्ये इंजिन चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोल लोखंडी डब्यात, उंच फळीवर. आणि आईचा पंचा कोणत्याही परिस्थितीत कारखान्यात येऊ नये, हा नियम सुरक्षेचा नसला तरी शांततेचा आहे.

गृहस्थधर्माचाही ताळेबंद मांडला पाहिजे. कुलदैवताचे दर्शन, आत्याकडचे जेवण, मेहुण्यांच्या गावची फेरी यांच्या तारखा आणि हंगामाच्या तारखा एकाच मोठ्या कागदावर, स्वयंपाकघराच्या दारावर लावाव्यात, म्हणजे कोणालाही फसवले गेल्यासारखे वाटत नाही. गाडी पार्सलने किंवा ट्रकने रवाना करण्याचा दिवस ठरवताना पालख्यांचा पुण्यातील मुक्काम वगळावा. त्या दिवसांत अनेक रस्ते बंद असतात. रेल्वेने पाठवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि लिव्हर, आरसे, फेअरिंग यांना गोणपाटाचे वेष्टन घालावे लागते, तेव्हा एक दिवस हाताशी ठेवावा. मंडळी शर्यतीला बरोबर येणार असतील तर मैदानावरील ऊन, सुती कपडे, मुलांसाठी कानातले बोळे यांची तजवीज करावी, आणि लहान मुलांना पिट लेनमध्ये प्रवेश नसतो हे त्यांना घरूनच सांगून ठेवावे. भाच्याला मात्र घड्याळ आणि वही द्यावी: प्रेक्षकांच्या बाकावरून फेरीची वेळ नोंदवणाऱ्या मुलाला कंटाळा येत नाही, आणि तुम्हाला पदरमोड न करता कारकून मिळतो.

माझ्या तपासणी-यादीची पहिली ओळ आता गाडीविषयी नाही, दिवसाविषयी आहे. पाहुणे येण्याचा दिवस आणि पाहुणे परत जाण्याचा दिवस, या दोन दिवशी कारखान्याला कुलूप असावे आणि किल्ली आईकडे असावी. त्या दोन दिवशी एकही बोल्ट फिरवू नका, बोटांनीसुद्धा नाही.